स्लाइडच्या कोपऱ्यातला नंबर

अगं, तुझ्या विभागाच्या सगळ्या लेक्चर्सचं अलाइनमेंट तुझ्या गळ्यात पडलंय हे काल कळलं. नव्या सहाय्यक प्राध्यापकाच्या वाट्याला हे काम येतंच. इन्स्पेक्शनचे वारे वाहायला लागले की मेडिकल एज्युकेशन युनिटकडून, म्हणजे एमईयूकडून, एक एक्सेल शीट येते. एका रकान्यात लेक्चरचं नाव, शेजारी कॉम्पिटन्सीचा नंबर, त्याच्या शेजारी उद्दिष्टं, आणि विभागातल्या सगळ्यात ज्युनियर माणसाने रात्री जागून ती भरायची असा रिवाजच पडलाय. तू मला विचारलंस, "ताई, जुन्या पीपीटीवर कोपऱ्यात नंबर टाकले तर चालतील ना?" चालतील गं. कुणी काही म्हणणार नाही. पण मी तुला तसं करू देणार नाही, आणि का ते जरा निवांत सांगते. तू फिजिऑलॉजीत शिकवतेस ती मुलं पुढे माझ्या पेडियाट्रिक्सच्या वॉर्डात येतात. तुझ्या वर्गात त्यांनी काय केलं आणि काय नुसतं ऐकलं, ते मला तिथे रोज दिसतं.

तू एमबीबीएस झालीस ती १९९७च्या नियमावलीखाली. तेव्हा विद्यापीठ विषयांची यादी द्यायचं आणि शिकवणारा त्याच्या आवडीप्रमाणे ती फुलवायचा. ऑगस्ट २०१९मध्ये आलेल्या बॅचपासून गणित उलटं झालं. आधी ठरलं की एमबीबीएस होऊन बाहेर पडणारा डॉक्टर कसा असावा: रुग्ण तपासणारा, टीमबरोबर काम करणारा आणि वेळ पडली तर टीम चालवणारा, नीट बोलणारा, आयुष्यभर शिकत राहणारा आणि व्यवसायाशी इमान राखणारा. मग त्या माणसाला काय काय करता आलं पाहिजे याची, म्हणजे कॉम्पिटन्सींची, यादी तीन खंडांत निघाली. शिकवणं त्या यादीपासून मागे मागे येत ठरवायचं, अशी कल्पना होती. मेडिकल कौन्सिल जाऊन २०२०मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला, तरी ही कल्पना टिकली. कोपऱ्यात नंबर टाकला की मात्र ती मरते, कारण आपण पुन्हा आपल्या जुन्या लेक्चरपासूनच सुरुवात करतो आणि यादीतलं एखादं वाक्य त्याला चिकटवून मोकळे होतो.

शिवाय नंबर काही अमर नाहीत. २०२४मध्ये आयोगाने अभ्यासक्रमाची सुधारित आवृत्ती काढली, तेव्हा पहिल्या खंडांतले नंबर चिकटवून निश्चिंत झालेल्यांना पुन्हा शीट भरत बसावं लागलं. ज्यांनी त्या नंबरामागचं काम समजून साहित्य केलं होतं, त्यांना फक्त नंबर बदलायचा होता.

चल, तुझ्याच विषयातली एक कॉम्पिटन्सी घेऊ. २०१८च्या पहिल्या खंडातली पीवाय ५.१२. स्वस्थ बसलेलं असताना, कमीजास्त व्यायामानंतर आणि वेगवेगळ्या स्थितींत रक्तदाब आणि नाडी नोंदवता येणं. त्या ओळीचे पुढचे रकाने कुणी वाचतच नाही, तू वाच. क्षेत्र लिहिलंय कौशल्य. पातळी लिहिलीय 'शोज हाऊ', म्हणजे करून दाखवता आलं पाहिजे. मिलरच्या पिरॅमिडमध्ये नुसतं 'माहीत आहे' याच्या दोन पायऱ्या वर. शिकवायची पद्धत डीओएपी: शिक्षक दाखवतो, मूल बघतं, मग हाताखाली मदत करतं, मग स्वतः करतं. परीक्षा प्रॅक्टिकल, ऑस्पे (चेकलिस्टवर करून दाखवायची परीक्षा) आणि व्हायवा. एका ओळीत सगळं सांगितलंय बिचाऱ्यांनी.

आता या ओळीसमोर तुझ्या विभागाची बीपीची पीपीटी ठेव. तू पाठवलीस ती मी रात्री पूर्ण पाहिली. स्टीफन हेल्सने घोडीच्या धमनीत नळी घालून दाब मोजला तिथून ती सुरू होते, मग १८९६चा रिवा-रोची, १९०५चा कोरोटकॉफ, मग सूत्रं, बॅरोरिसेप्टर, आलेख. फार मेहनतीने केलेली आहे, आणि हेल्सची गोष्ट मलाही आवडते. पण हात कुठे ठेवायचा हे त्यात कुठेच नाही. कफ केवढा घ्यायचा, नाही. माणसाला आधी पाच मिनिटं बसू द्यायचं, पाठ टेकलेली हवी, पाय जमिनीवर सरळ, मोजताना त्याच्याशी गप्पा मारायच्या नाहीत, यातलं काहीही नाही. हात हृदयाच्या पातळीच्या खाली लोंबता राहिला तर आकडा वाढतो. बाहीवरून कफ बांधला तर चुकतो. आधी नाडीवर बोट ठेवून अंदाज न घेता थेट स्टेथोस्कोप लावला, तर ज्यांच्यात मधेच आवाज गायब होतो त्या माणसांचा वरचा दाब आपण कमी धरतो. कोपऱ्यात पीवाय ५.१२ लिहून ही पीपीटी त्या कौशल्याची होत नाही गं.

वर्गातल्या जर्नल्स काढून बघ एकदा. निम्म्याहून जास्त ठिकाणी १२०/८० लिहिलेलं सापडेल. यंत्रावर दोन-दोन मिलिमीटरच्या खुणा असतात, मग ११८ किंवा १२४ कुणाच्याच कानाला कसं येत नाही? कारण मुलांनी आवाज ऐकलेलाच नसतो. दहाजणांच्या बॅचमध्ये एकजण कफ फुगवतो, एकजण ऐकतो, बाकीचे उतरवून घेतात. मोजणं आणि लिहिणं यांचा संबंध तिथेच, पहिल्या वर्षी तुटतो आणि पुढे वॉर्डात तो आपल्याला जोडता येत नाही. माझ्याकडे पोस्टिंगला आलेली मुलं सहा वर्षांच्या पोराच्या दंडाला मोठ्या माणसाचा कफ गुंडाळतात आणि आलेला कमी आकडा शांतपणे केस पेपरवर लिहितात. ती मुलं आळशी नाहीत. कफची रबरी पिशवी दंडाच्या घेराच्या सुमारे ८० टक्के भागाला वेढणारी हवी, हे कुणी त्यांच्या हातात कफ देऊन दाखवलेलंच नसतं.

म्हणून या कॉम्पिटन्सीचं साहित्य म्हणजे पीपीटी नाहीच, असं धरून चाल. तीन मापांचे कफ टेबलावर मांड. दोन जोडी कानांचा शिकवणीचा स्टेथोस्कोप विभागाच्या कपाटात नक्की पडलेला असेल, तो बाहेर काढ. तू आणि मूल एकच आवाज एकाच वेळी ऐकता, आणि त्याने कुठे 'आला' म्हटलं ते तुला लगेच कळतं. एका पानाची चेकलिस्ट कर: परवानगी मागितली, पाच मिनिटं बसवलं, बाही वर केली, कफ निवडला, नाडीवर अंदाज घेतला, त्याच्या ३० मिलिमीटर वर नेलं, सेकंदाला साधारण दोनच्या वेगाने सोडलं, दोनदा मोजलं, आलेला आकडा जसाच्या तसा लिहिला. हीच चेकलिस्ट शिकवताना मुलांच्या हातात हवी आणि हीच परीक्षेच्या ऑस्पेच्या टेबलावर. गुप्त ठेवायचं त्यात काही नाही. स्लाइड लागल्या तर चार पुरे.

यंत्राचाही विचार कर. तुमच्या लॅबमध्ये पाऱ्याचं असेल, पण मिनामाता करारानंतर पारा हळूहळू हद्दपार होतोय, आणि इंटर्नशिपला मुलगी प्राथमिक आरोग्य केंद्रात गेली की तिच्या हातात डिजिटल यंत्र येणार. एक तास दोन्ही यंत्रांनी एकाच माणसाचा दाब घ्यायला लाव. फरक आला की मुलं आपणहून विचारतात का आला, आणि तेव्हा तुझं सगळं फिजिऑलॉजी त्यांच्या कामाचं होतं. बॅरोरिसेप्टरही तिथेच शिकव, झोपलेल्या मुलाला उभं करून.

आकड्यांचीही एक गंमत बघ. तुमच्या पीपीटीतली शेवटची स्लाइड अमेरिकन पुस्तकातली आहे, तिथे २०१७च्या त्यांच्या मार्गदर्शिकेप्रमाणे १३०/८०पासून उच्च रक्तदाब धरलाय. त्याच वर्षी आपल्याकडे इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह सुरू झालं. महाराष्ट्र पहिल्या पाच राज्यांत होता. भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे त्यात होते. तिथल्या केंद्रांवर १४०/९० धरतात. पहिल्या वर्षी तू एक आकडा शिकवणार, पीएसएमवाले (कम्युनिटी मेडिसिन) दुसरा, मेडिसिनमध्ये तिसरंच कुणी काही बोलणार, आणि इंटर्न पेठच्या किंवा गारगोटीच्या ओपीडीत बसून गोंधळणार. व्हर्टिकल इंटिग्रेशनचा रकाना भरायला फॅकल्टी मीटिंगची वाट बघू नकोस. पीएसएमच्या मॅडमना फोन कर, मेडिसिनच्या युनिटमध्ये कुणाला तरी गाठ, चहा पीत तिघींनी एक आकडा ठरवा आणि तो कशासाठी आहे ते तिन्ही ठिकाणी सारखं सांगा. दोन मार्गदर्शिका वेगळ्या का, हे शिकवायचंच असेल तर मुद्दाम शिकवा, तो उत्तम धडा आहे. पण चुकून नको.

आता माझ्या बाजूचं सांगते, म्हणजे तुला वाटायला नको की मी फक्त तुमच्याच विभागाला नावं ठेवतेय. मुलांच्या जुलाबांबद्दल आमच्या यादीत एक कॉम्पिटन्सी आहे, तिच्यात कारणमीमांसा, वर्गीकरण, लक्षणं आणि उपचार असं सगळं एका वाक्यात कोंबलंय, आणि क्रियापद आहे 'चर्चा करा'. हा यादीचाच दोष आहे, मला तो मनापासून खटकतो. एवढ्या मोठ्या वाक्यावर नंबर लावला की त्याखाली काहीही शिकवलं तरी चालतं. इथे आपण स्वतः तुकडे पाडायला हवेत, त्यालाच एसएलओ (स्पेसिफिक लर्निंग ऑब्जेक्टिव्ह) म्हणतात. पण 'ओआरएसची माहिती असणे' असा एसएलओ लिहू नकोस कधी. माहिती आहे की नाही हे बघणार कसं? 'दोन वर्षांच्या मुलाच्या आईला तिच्या भाषेत ओआरएस कसं करायचं, किती आणि कसं द्यायचं ते पाच मिनिटांत सांगणे आणि तिच्याकडून करून दाखवून घेणे' असा लिही. वाक्य लांब होतं, होऊ दे. कोणी, कुणासाठी, कुठल्या परिस्थितीत, कितपत, हे सगळं त्यात आलं की साहित्य काय करायचं ते आपोआप दिसायला लागतं.

माझ्या वॉर्डातलीच गोष्ट. थर्ड इयरची एक मुलगी, अत्यंत हुशार. ओआरएसची घडण विचारली तर सोडियम ७५, ग्लुकोज ७५, क्लोराइड ६५, पोटॅशियम २०, सायट्रेट १०, एकूण २४५, न अडखळता. महालनोबिस यांनी १९७१मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत काय केलं तेही तिला ठाऊक. मी म्हटलं, आता या ताईंना सांग. ताईंच्या मांडीवर वर्षाचं बाळ, टाळू खोल गेलेली. मुलगी म्हणाली, "हे पॅकेट एक लिटर पाण्यात मिसळा आणि ॲड लिब द्या." ताईंनी विचारलं, "लिटर म्हंजे किती तांबे?" मुलगी माझ्याकडे बघायला लागली.

तो प्रश्न आमच्या एकाही स्लाइडवर नव्हता. पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली वापरा, अख्खं पॅकेट एकाच वेळी घाला, अर्धं अर्धं करू नका. आणि आधी पॅकेट बघा, कारण २०० मिलिलिटरचं लहान पाकीटही मिळतं. चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्या. चमच्याचमच्याने पाजा, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा हळूहळू सुरू करा. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला दर जुलाबानंतर पाव ते अर्धा कप. अंगावरचं दूध चालू ठेवा. झिंकची गोळी जुलाब थांबले तरी चौदा दिवस द्या. बाळ पीत नसेल, शौचात रक्त दिसलं, डोळे खोल जाऊन बाळ मलूल पडलं, तर वाट न बघता दवाखान्यात आणा. एवढं नीट सांगायला आलं की ती कॉम्पिटन्सी झाली. आता त्या तासाला माझ्या टेबलावर दोन्ही आकारांची पाकिटं असतात, बाटली, तांब्या, कप, चमचा असतो, आणि आईची भूमिका करणाऱ्या मुलीच्या हातात पाच ओळींची चिठ्ठी असते. चिठ्ठीत 'डायरिया' हा शब्द नसतो. हगवण, ढाळ, पातळ परसाकडं, पोट खळखळतंय, लघवी कमी झालीय, असं जे ओपीडीत ऐकू येतं तेच असतं. ऑल इंडिया कोट्यातून आलेल्या मुलांसाठी फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषा ठेवलीय ना? त्या वर्गात 'माझे नाव अमुक आहे' पलीकडे आपण काही शिकवत नाही. ही चिठ्ठी त्या वर्गाला दे. राजस्थानातून आलेला मुलगा तिसऱ्या आठवड्यात 'टाळू खोल गेलीय का बघू' म्हणायला लागतो, तेव्हा आईचा चेहरा बघ.

सगळंच असं करून दाखवायचं नसतं, हेही ऐक. हृदयाच्या स्नायूत विद्युतलहर कशी पसरते, हे जाणणं ही ज्ञानाच्या पातळीचीच गोष्ट आहे, आणि ती समजावायला फळा, खडू आणि चांगला बोलणारा माणूस यांच्यासारखं दुसरं साधन नाही. नियमाप्रमाणे भाषणवजा लेक्चर वेळापत्रकाच्या एक तृतीयांशाहून जास्त नकोत. याचा अर्थ तो एक तृतीयांश भाग फालतू आहे असा होत नाही. उलट तो फार विचार करून खर्च करायला हवा. हल्ली काही तरुण शिक्षक प्रत्येक तासाला रोल प्ले करायला लागलेत, मुलं कंटाळतात. पातळीचा रकाना बघूनच ठरव.

आता परीक्षेचं. इथे तू ज्युनियर आहेस, तरी बोल. जॉन बिग्जने नव्वदच्या दशकात मांडलेल्या कन्स्ट्रक्टिव्ह अलाइनमेंटचा गाभा हाच की उद्दिष्ट, शिकवणं आणि तपासणं या तिन्ही गोष्टी एकाच कामाकडे वळलेल्या हव्यात. तू चेकलिस्टवर जीव ओतलास आणि इंटर्नलला पाच मार्कांची टीप आली 'कोरोटकॉफ साउंड्स', तर मुलं टीपच पाठ करणार, आणि त्यांचं चुकत नाही. हार्डेनने १९७५मध्ये डंडीत ऑस्की (आपल्या ऑस्पेचं मूळ रूप) काढली ती याचसाठी, की प्रत्येक मुलाला तेच काम, तेवढ्याच वेळात, त्याच चेकलिस्टवर करून दाखवायला मिळावं. तुमचा पेपर सेट होण्याआधी ब्लूप्रिंट मागून घे. कुठल्या प्रकरणाला किती वजन, त्यातलं कोअर किती, कौशल्य किती. ब्लूप्रिंट नसेल तर तूच एका पानावर करून एचओडी सरांसमोर ठेव. तक्रार म्हणून नको ठेवूस, मदत म्हणून ठेव.

सरांचा विषय निघालाच आहे तर हेही. त्यांची बीपीची पीपीटी पंधरा वर्षांची मेहनत आहे. ती डिलीट करू नकोस, 'कालबाह्य' असं लेबल तर मुळीच लावू नकोस. 'अधिक वाचन' नावाचा फोल्डर कर, त्यात ती आदराने ठेव आणि मुलांना सांग की हेल्स आणि रिवा-रोची इथे भेटतील. आणि सरांना वर्गात बोलाव, कफ बांधून दाखवायला. जुन्या माणसांच्या हातात जे कसब असतं ते कुठल्याच खंडात लिहिलेलं नाही. डीओएपीमधला पहिला भाग त्यांच्याइतका कुणी चांगला करणार नाही.

लॉगबुकवर मी कडक बोलणार आहे. टर्मच्या शेवटी मुलं चाळीस लॉगबुकांचा गठ्ठा आणतात, आपण बोलता बोलता सह्या करतो. काही ठिकाणी हे इतकं नेहमीचं झालंय की कुणाला त्यात गैर वाटत नाही. मला वाटतं. त्या सहीचा अर्थ असतो की या मुलीने माझ्यासमोर हे केलं आणि तिला येतं. उद्या ती एकटी एखाद्या उपकेंद्रावर असेल तेव्हा समोरच्या माणसाने त्या सहीवरच विसंबायचं आहे. जिथे केलं तिथेच, तेव्हाच सही. नाही जमलं तर 'पुन्हा' लिही आणि पुढची तारीख दे. पहिल्या महिन्यात मुलं कुरकुर करतात, मग सवय होते.

एमईयूची शीट तुला भरावीच लागेल, ती भर. पण सगळी दीडशे लेक्चर्स एका आठवड्यात अलाइन होणार नाहीत हे मनाशी ठरवून टाक, म्हणजे जिवाला त्रास नाही. या टर्मला तीन कॉम्पिटन्सी घे, तिन्ही कोअर, तिन्ही कौशल्याच्या. त्यांचे पुढचे रकाने वाच, एसएलओ लिही, परीक्षेचं टेबल आधी मांड आणि साहित्य त्यानंतर कर. उरलेल्यांसमोर शीटमध्ये प्रामाणिकपणे 'काम चालू' लिही. एमईयूच्या मॅडम ओरडल्या तर माझं नाव सांग, मी बोलते त्यांच्याशी.

बीपीची चेकलिस्ट झाली की शुक्रवारी ओपीडी संपल्यावर माझ्याकडे ये. तुझ्या फर्स्ट इयरच्या मुलांवर वापरण्याआधी आपण ती माझ्या इंटर्नवर लावून बघू. कुठल्या ओळीवर त्यांचे मार्क जातात ते लिहून घे, आणि पुढच्या बॅचला त्या ओळीपासूनच शिकवायला सुरुवात कर. छोटा कफ मी वॉर्डातून आणून ठेवते.